गंगावन

उन्हाळ्यात सकाळी नऊ-साडेनऊला, ऊन टोचायला लागायच्या आत, नागपुरात आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत एक बाई येते. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांचं टोपलं, खांद्याला कापडी झोला. ‘केस द्या, भांडे घ्याऽऽ’ अशी हाक आली की समोरच्या काकू फ्रीजवर ठेवलेली कॅरीबॅग घेऊन खाली उतरतात. आत वर्षभराची गुंतवळ. बाई ती मुठीत दाबून बघते, तोलते, नाक मुरडते. काकू डब्यावर अडून बसतात, बाई चहाच्या गाळणीच्या वर जायला तयार नसते. बर्डीच्या बाजारात साडी घेताना होत नाही एवढी घासाघीस तिथे होते.

माझ्या आईला हे सगळं अजिबात खपत नाही. तिने ऐंशी ओलांडली आहे आणि गुंतवळीबद्दलचे तिचे नियम पक्के आहेत. बोटाला गुंडाळायची, तीनदा थू थू करायचं, कोणाचा पाय पडणार नाही अशा ठिकाणी टाकायची. तिन्हीसांजेला केस विंचरायचेच नाहीत. विकणं तर लांबच. ‘कोणाच्या हाती लागन, काय सांगावं?’ हे तिचं कारण. या मे महिन्यात ती बाई आली तेव्हा आई पडवीत बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता मला म्हणाली, ‘माह्या मायचं गंगावन हाये त्या पेटीत. ते नको देजो तिले.’

मी थक्क झाले. एक तर मी काही द्यायला निघाले नव्हते. आणि दुसरं म्हणजे, गंगावन आपल्या घरात आहे हे मला पंचावन्न वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गंगावन म्हणजे खऱ्या केसांची सुटी वेणी. आपले केस आखूड किंवा विरळ असले की ती वेणीत गुंफायची. लग्नाकार्यात, हळदीकुंकवाला बायका सर्रास लावायच्या. आता पार्लरमध्ये ‘एक्स्टेन्शन’ म्हणून हजारोंनी मिळतं ते तेच. फरक एवढाच, की आजीच्या पिढीत ते बहुतेक वेळा स्वतःच्याच गुंतवळीचं असायचं.

पेटी काटोलहून, मामाकडून आलेली. पत्र्याची, हिरव्या रंगाची, झाकण उघडताना किंचाळणारी. वर एक लोकरीची शाल होती, तिची कसरीनं चाळणी केली होती. तिच्याखाली घट्ट झाकणाचा पितळी डबा आणि डब्यात, डांबरगोळीच्या वासात, गंगावन. डब्यात होतं म्हणूनच वाचलं. कसरीच्या लेखी शाल काय आणि गंगावन काय, दोन्ही एकच. लोकर आणि केस दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे, आणि हे प्रथिन पचवू शकणारे जीव जगात मोजकेच आहेत. बाकी कोणाच्या दातांना ते दाद देत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे पहिल्यांदा काय केलं असेल, तर मोजपट्टी आणली. ७४ सेंटिमीटर.

*

हे गंगावन बनताना मी पाहिलेलं नाही. पण दुसरं एक बनताना पाहिलंय, मामीसाठी. तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. काटोलच्या घराच्या ओसरीत आजी दुपारी सूप घेऊन बसायची. सुपात पांढरं फडकं, फडक्यावर गुंतवळीचा गोळा. त्यातून ती एक एक केस उकलून काढायची आणि प्रत्येक केस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून चोळायची. हलकेच, मागे-पुढे. केस चिमटीतून सरकायला लागायचा. कधी वर, कधी खाली. तो ज्या बाजूला सरकेल ते टोक आजी डावीकडे करायची आणि केस फडक्यावर ठेवायची. असे शेकडो केस, सगळे एकाच दिशेला.

‘आजी, हा केस चालते!’ मी ओरडले होते.

‘चालतेच ना तो, बाई. मुयाकडं जाते.’ मुय म्हणजे मूळ.

आत्ता वाचता वाचता करून बघा. डोक्यावरचा एक लांब केस तोडा, चिमटीत उभा धरा आणि बोटं लांबीच्या दिशेनं मागे-पुढे चोळा. केस एकाच बाजूला सरकत जाईल आणि ती बाजू मुळाचीच असेल. केस उलटा धरला तर उलटा सरकेल. हा प्रयोग मी तीस वर्षं वर्गात करते आहे आणि एखादी तरी मुलगी अजून किंचाळतेच.

कारण बघायचं तर सूक्ष्मदर्शकाखाली जावं लागतं, पण काळा केस नुसता काचपट्टीवर ठेवला तर काळी रेघ दिसते, बाकी काही नाही. त्याला एक युक्ती आहे. काचपट्टीवर बिनरंगाचं नेलपॉलिश पातळ लावायचं, त्यावर केस ठेवायचा, वाळू द्यायचं आणि मग केस हळूच उपटून काढायचा. पॉलिशमध्ये केसाचा साचा उरतो. तो चारशेपट मोठा करून पाहिला की एकावर एक चढलेल्या खवल्यांच्या कडा दिसतात, वेड्यावाकड्या, नदीच्या काठासारख्या. आमच्याकडची मुलं बघताबरोबर म्हणतात, ‘मॅडम, कवेलू!’ अगदी तसंच. काटोलच्या घराच्या छपरावर कवेलू जसे खालच्या ओळीवर वरची ओळ चढवून रचलेले असायचे, तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे रचलेले असतात. उघड्या कडा टोकाकडे. म्हणून टोकाच्या दिशेनं हात फिरवला की केस गुळगुळीत लागतो आणि मुळाच्या दिशेनं फिरवला की किंचित खरखरीत. चिमटीत चोळताना बोटांची कातडी या कडांना अडते आणि केसाला एकाच बाजूला ढकलत राहते.

एक खवला साधारण अर्ध्या मायक्रॉन जाडीचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असे सहा ते दहा थर मिळून केसाचं बाहेरचं आवरण होतं. एवढं होऊन अख्खा केस जेमतेम वहीच्या एका कागदाइतका जाड.

गुंतवळ गुंतते ती याच खवल्यांमुळे. डोक्यावर असेपर्यंत सगळ्या केसांची मुळं एकीकडे असतात, कवेलू एकाच दिशेला, भांडण नाही. फणीतून निघालेल्या गोळ्यात मात्र कोणाचं मूळ कोणाच्या टोकाशी येतं, कडेत कड अडकते, आणि जितकं हलवाल तितका गोळा आवळत जातो. लोकर कुटून नमदा करतात तो याच गुणावर. आमच्या काकूंची गुंतवळ पुढे कारखान्यात जाते, तिथे बहुधा आम्लात बुडवून खवलेच उतरवतात आणि वरून सिलिकॉनचा लेप देतात, म्हणजे मग दिशा कुठलीही असली तरी चालतं. तिरुपतीच्या केसांना भाव जास्त का, तर ते कापलेले असतात, जुडी बांधलेली असते, मुळं एकीकडेच राहतात. आजीनं आम्लाचं नाव ऐकलं नव्हतं. तिच्याकडे दुपारी होत्या.

मुलांनी एकदा शेळीचा आणि कुत्र्याचा केस आणला होता. तो प्रकार आणखी मजेशीर. केसाच्या मधोमध एक पोकळसर गाभा असतो. माणसाच्या केसात तो बारीक, एकूण जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आणि बारीक केसांत तर कित्येकदा नसतोच. शेळी-कुत्र्यात तो अर्ध्याहून जास्त जागा खातो. गुन्ह्याच्या जागी सापडलेला केस माणसाचा की जनावराचा, हे प्रयोगशाळेत आधी यावरूनच ओळखतात. तेव्हापासून वर्गातल्या निम्म्या मुलांना पोलिसात जायचं होतं.

*

खवले आणि गाभा यांच्या मध्ये जे आहे, तोच खरा केस. त्याला एका वाक्यात सांगायचं तर दोर. आणि दोर म्हटलं की आपल्याकडे लगेच म्हण आठवते: सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. केसाच्या बाबतीत ती शब्दशः बघता येते. प्रथिनाची साखळी स्वतःभोवती पिळलेली, अशा साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या, त्यांचे धागे, धाग्यांच्या जुड्या, जुड्यांचा केस. पिळात पीळ, पिळात पीळ.

हा पीळ शोधला गेला त्याची गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडात लीड्सला, लोकरीच्या गिरण्यांच्या गावात, विल्यम ॲस्टबरी नावाचा शास्त्रज्ञ १९३०च्या दशकात लोकर आणि केसांवर क्ष-किरण टाकून त्यांची चित्रं घेत होता. केस ओला करून ताणला की चित्र बदलतं आणि सोडला की पूर्वीसारखं होतं, हे त्याला दिसलं. आत काहीतरी घडी घातल्यासारखं आहे हे कळलं, पण घडी कशी आहे ते उमगेना. पुढे १९४८ साली लायनस पॉलिंग हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ऑक्सफर्डला सर्दीनं अंथरुणात पडला होता. वाचून कंटाळा आला म्हणून त्यानं कागदावर प्रथिनाची साखळी काढली आणि कागद दुमडत बसला. दुमडता दुमडता पीळ जमून आला. १९५१ साली त्यानं तो जगापुढे मांडला. सर्दीनं पडलेल्या माणसाला वाफारा देऊन झोपवणाऱ्या आमच्या घरात हा शोध लागणं शक्य नव्हतं.

पीळ जागच्या जागी ठेवणारे बंध दोन तऱ्हेचे. एक कच्चे. ते पाण्यानं सुटतात आणि वाळलं की पुन्हा बसतात, असतील त्या आकारात. ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा तयार, आणि डोकं धुतलं की लाटा गायब, ते यांच्यामुळे. दुसरे पक्के, गंधकाचे. पाण्याला जुमानत नाहीत. केस जळाला की जो घाण वास येतो, त्यात हे गंधक असतं. कुरळे सरळ करायचे किंवा सरळ कुरळे करायचे आणि तसेच टिकवायचे, तर पार्लरवाल्यांना रसायनानं या पक्क्या गाठी सोडवाव्या लागतात. माझ्या पुण्याच्या लेकीनं गेल्या दिवाळीआधी ‘केराटिन’ करून घेतलं. चार महिन्यांनी मुळाकडून तिचे कुरळे केस पुन्हा उगवून आले. ती वैतागली, आई मात्र खूश. नातीचे कुरळे केस हे आपल्या माहेरचं देणं आहे, असं तिचं ठाम मत आहे आणि देणं कसं, ते परत करता येत नाही.

कुरळेपणा केसात नंतर येत नाही, तो येतो कातडीखालच्या कुपीतून, म्हणजे केस जिच्यातून उगवतो त्या खोबणीतून. कुपी सरळ असली आणि केसाचा छेद गोल असला की केस सरळ. कुपी वाकडी, छेद चपटा, की कुरळा. म्हणजे भांडण पार्लरवालीशी घालून उपयोग नाही.

*

या कुपीपाशी येऊन मी नेहमी थांबते. शाळेत शिकवताना ‘केस हा मृत पेशींचा बनलेला असतो’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. परीक्षेत एक गुणाचं आहे. ते खरंही आहे. कातडीच्या खाली तीन-चार मिलिमीटरवर, कुपीच्या तळाशी, जी काही धावपळ असते तेवढीच जिवंत. तिथल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगानं दुभंगणाऱ्या पेशींपैकी आहेत. वर सरकता सरकता त्या केराटिननं भरतात, आपलं केंद्रक गमावतात आणि कातडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. जिला आपण कौतुकानं तेल लावतो, जिच्यात गजरा माळतो, ती वेणी म्हणजे नुसता इतिहास.

डोक्यावर साधारण एक लाख केस, प्रत्येक रोज मिलिमीटरचा तिसरा हिस्सा वाढणारा. सगळे एकापुढे एक जोडले तर वर्षाला बारा किलोमीटरच्या वर जातात. मेट्रोनं बर्डीहून लोकमान्यनगर गाठा, त्याहून थोडं जास्तच. एवढी वीण आपण रोजची पोळी-भाजी खाऊन घालतो आणि त्याची जाणीव होते ती केस गळायला लागल्यावर.

मला झाली तीन वर्षांपूर्वी. सप्टेंबरात डेंग्यू झाला. नागपुरात त्या दिवसांत प्रत्येक घरात एक तरी जण प्लेटलेट मोजत पडलेला होता. पंधरा दिवसांत बरी झाले, दिवाळी केली, सगळं विसरले. डिसेंबर संपता संपता फणीला झुबके यायला लागले. न्हाणीघराची जाळी बुजायची. उशी बघवत नव्हती. काकूंच्या कॅरीबॅगेची चार महिन्यांची भरती मी एकटीनं केली असती. जी ती भेटेल ती कांद्याचा रस सांगत होती.

रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोक्यावरून दोन बोटं फिरवली, हाताला आलेला केस उजेडात धरला आणि मुळाशी पांढरी गाठ दाखवली. मला वाटलं मूळच उपटून आलं. त्या हसल्या. ‘मूळ आत सुखरूप आहे. हा केस आपलं आयुष्य संपवून आलाय. तीन महिन्यांआधी काय झालं होतं?’

मी केस शिकवते आणि मला हे सुचलं नव्हतं! केसाचं चक्र मी फळ्यावर काढते: दोन ते सहा वर्षं वाढ, दोन-तीन आठवडे आवरासावर, मग तीनेक महिने विश्रांती. विश्रांतीत तो कुपीत नुसता बसून असतो, तळाशी पांढरी गाठ धरून, आणि शेवटी गळतो. एरवी शंभरातले दहा-पंधराच विश्रांतीत असतात, म्हणून रोज पन्नास ते शंभर गळतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. मोठा ताप आला की शरीर बरेच केस एकदम विश्रांतीला पाठवतं. तीन महिन्यांनी ते एकदम गळतात. तोवर आपण ताप विसरलेले असतो आणि दोष जातो शाम्पूला, बोअरच्या पाण्याला, नाही तर कोणाच्या नजरेला. गळणारा केस म्हणजे तीन महिने उशिरा पोचलेली तार.

सहा-आठ महिन्यांत माझे केस पूर्ववत झाले. कांद्याचा रस सांगणाऱ्या सगळ्याजणी त्याचं श्रेय घेऊन गेल्या.

*

या मे महिन्यात, पेटी उघडली त्या दिवशी, मी आईला विचारलं की एवढं दाट गंगावन करायला आजीला किती वर्षं गुंतवळ साठवावी लागली असेल.

आई म्हणाली, ‘वर्सं काह्यले? बाळंतपणं मोज.’

तिच्या म्हणण्यानुसार आजीचा डबा एरवी हळूहळू भरायचा, पण प्रत्येक बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी एकदम. पोर तीन महिन्यांचं होऊन मुठीत केस धरायला लागलं की मायचे केस झडतात, असं तेव्हा म्हणायचे. पोर ओढतं म्हणून झडतात, असाच सगळ्यांचा समज. खरं कारण डेंग्यूच्या ओळीतलंच. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस गळायचे थांबतात, जास्त केस वाढीच्याच अवस्थेत राहतात. बाळंतपण झालं की ते सगळे एकदम विश्रांतीला जातात आणि तीन महिन्यांनी थकबाकी वसूल झाल्यासारखे गळतात. पोराच्या मुठीचा त्यात दोष नाही.

आजीला सात मुलं झाली. पाच जगली.

आईच्या पाठीवर तीन: मामा १९४८च्या दिवाळीतला, मग १९५० साली, पावसाळ्याच्या तोंडावर एक मुलगा, जो नऊ महिन्यांचा होऊन गेला, आणि १९५३च्या ऑगस्टात धाकटी मावशी. आईला तिच्या जन्मानंतरची गुंतवळ आठवते. त्या हिवाळ्यात डब्याचं झाकण बसत नव्हतं म्हणून तिला त्यावर पाटा ठेवायला सांगितलं होतं.

रात्री आई झोपल्यावर मी गंगावनातला एक केस सोडवला. पांढऱ्या कागदावर चिकटपट्टीनं ताणून लावला. चिमटीत चोळून मूळ कुठलं ते आधी पाहून घेतलं. सत्तर वर्षांपूर्वीचा केस, तरी सरकला. कवेलू शाबूत. ७४ सेंटिमीटर, महिन्याला एक या हिशेबानं ७४ महिने, सहा वर्षांच्या वर. हा केस मावशीच्या जन्मानंतर गळलेला धरला, तर त्याची वाढ १९५३च्या ऑगस्टात थांबली आणि १९४७च्या जूनमध्ये सुरू झाली. मी पेन्सिलीनं खुणा करत गेले. टोकापासून दोन सेंटिमीटरवर स्वातंत्र्य मिळालं. मुळापासून ५७ सेंटिमीटरवर मामा झाला. ३८वर तो मुलगा झाला. २९ सेंटिमीटरवर गेला.

त्या खुणेपाशी मी भिंग धरून बघितलं. काही नव्हतं. काळा, सरळ, जरा तांबूस पडलेला केस. अलीकडे होता तसाच पलीकडे.

आईला मी हे आकडे सांगितले नाहीत.

*

आता उरलेल्या कामाचं. सुट्टीत शाळेच्या मुलींना काहीतरी उद्योग द्यायचा म्हणून मी दर वर्षी केसाचा आर्द्रतामापक करून घेते. १७८३ साली जिनिव्हाच्या ओरास बेनेडिक्ट द सोस्यूर या गृहस्थानं ही कल्पना मांडली आणि पुढे दीडशे-दोनशे वर्षं हवामानखात्याच्या वेधशाळांत माणसाचे केस ताणून बसवलेली यंत्रं दमटपणा नोंदवत होती. ओलावा मिळाला की केसातले कच्चे बंध सैलावतात आणि तो लांबतो. पार कोरड्या हवेपासून पार ओल्या हवेपर्यंत सुमारे दोन टक्के. जाडीत तर त्याहून कितीतरी जास्त फुगतो, म्हणून पावसाळ्यात वेणी एकदम भरदार दिसते आणि बटा ऐकत नाहीत. मेलेला म्हणून शिकवलेला केस, पण हवा बदलली की त्याला कळतं.

या वर्षी मी आईला विचारून त्याच केसाचा टोकाकडचा वीस सेंटिमीटरचा तुकडा घेतला. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘विकून तर नाही राहिली ना? मंग घे.’

शाम्पूनं धुऊन, स्पिरिटनं पुसून तेलाचा अंश काढला. केस तेलकट असला की ओलावा आत शिरायला वेळ लागतो. तेलाचंही एक आहेच: खोबरेल केसाच्या आतपर्यंत झिरपतं आणि धुताना प्रथिनाची झीज कमी होते, सूर्यफुलाचं किंवा खनिज तेल तसं करत नाही, हे मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हे मुलींना सांगायला मी विसरत नाही.

बुटाचा खोका उभा केला. केसाचं एक टोक वर चिकटवलं. खाली खराट्याची वीस सेंटिमीटरची काडी, एका टोकाजवळ टाचणीवर फिरणारी, आणि टाचणीपासून दोन सेंटिमीटरवर केसाचं दुसरं टोक बांधलेलं. केस चार मिलिमीटर लांबला तर काडीचं टोक चार सेंटिमीटर खाली येणार. ओला टॉवेल घालून खोका झाकला आणि ‘ओलं’ अशी खूण केली. मग दुपारी दोनला खोका गच्चीच्या दारात नेला. बाहेर ४५ अंश, रस्त्यावर चिटपाखरू नाही, एखादी मुलगी स्कूटरवर, डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळून डोळे तेवढे उघडे ठेवून गेली तर गेली. हवेत पाणी म्हणाल तर नावाला. काडी सरसर वर चढली. तिथे ‘कोरडं’.

मग खोका हॉलमध्ये कूलरसमोर ठेवला, काडी हळूहळू अर्ध्यापर्यंत खाली आली. वाळ्याच्या ताटीतून आलेली हवा केसाला आवडली असावी. आईनं चष्मा लावून दोन्ही बाजूंनी खोका पाहिला.

‘काय करून राहिली वं?’

‘आजीचा केस हवेत किती पाणी आहे ते सांगते.’

‘तिले काय मालूम इथलं? ती काटोलची.’

पण दुसऱ्या दिवसापासून खोका तिच्या खाटेजवळ, खिडकीच्या कट्ट्यावर गेला. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी ती काडी बघायची. मे सरेपर्यंत काडीनं वरची खूण सोडली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी थोडी खाली, दुपारी परत वर. मृगात कूलर चिकचिक करायला लागला. हवाच दमट, तर पाणी उडणार कुठून आणि गारवा येणार कुठून. आई पदरानं वारा घेत काडीकडे बघून ‘बघ, खाली आली’ असं जणू कूलरलाच सुनवायची.

पावसाचा पत्ता नव्हता. वर्तमानपत्रात दोनदा तो ‘येत्या ४८ तासांत’ येणार होता. मी गच्चीवर वर्षभराच्या तिखटाच्या भिवापुरी मिरच्या पसरल्या होत्या, जुन्या लुगड्यावर, चारी कोपऱ्यांना विटा ठेवून.

जूनच्या मध्यावर एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कणीक भिजवत होते. खिडकीतून उघडं, पिवळट आभाळ दिसत होतं. आत आई काही वेळ गप्प होती, मग तिची हाक आली.

‘मिरच्या उचलून आण वं.’

‘काऊन? आभाळ तर कोरडं आहे.’

‘मायची काडी बघ.’

कणकेचे हात तसेच घेऊन मी बघायला गेले. काडी ‘ओलं’च्या खुणेपासून बोटभर वर होती आणि आमच्यादेखत अजून उतरत होती.

मी हात धुतले आणि टोपलं घेऊन वर गेले.